लिफ्ट किट बसवूनही गाडी मागून पुन्हा बसते: इंच ठरवण्याआधी किलो मोजावेत

फोर बाय फोर गाडीला दोन इंचांची लिफ्ट, म्हणजे तिची उंची वाढवणारा स्प्रिंगचा संच, बसवावी, पहिले दोन महिने ती ऐटीत उभी राहावी आणि पावसाळा संपेपर्यंत तिचा मागचा भाग पुन्हा खाली यावा, हा अनुभव मुंबईतल्या अनेक मालकांना आलेला आहे. गॅरेजमध्ये नेली की स्प्रिंगखाली स्पेसर (उंची भरून काढणारी जाड चकती) बसतो, गाडी पुन्हा उंच दिसते आणि पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार घेऊन पुन्हा त्याच दारात उभे राहावे लागते. मी स्वतः तीन वर्षांत हा फेरा दोनदा पूर्ण केला. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक वेगळे हलणारे) आणि मागे अखंड अ‍ॅक्सल (दोन्ही चाके जोडणारा एकच दांडा) व कॉइल स्प्रिंग अशा रचनेची माझी तीन दारांची डिझेल गाडी आठवडाभर ठाणे आणि अंधेरीच्या दरम्यान रिकामी धावते आणि शनिवार-रविवारी चार माणसे व सामान घेऊन कर्जत, मुरबाड किंवा माळशेजच्या बाजूला जाते. खरी अडचण या दुहेरी आयुष्यातच दडलेली होती, परंतु पहिल्या खरेदीच्या वेळी त्याबद्दल कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. विचारले गेले ते इतकेच: "किती इंच करायची, साहेब?"

लिफ्ट इंचांत विकली जाते आणि स्प्रिंग मात्र किलोंवर चालते. माझ्या मते वारंवार परत येणाऱ्या या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा याच विसंगतीत असते.

गाडी "बसली" म्हणजे नेमके काय झाले

"गाडी बसली" या एका शब्दप्रयोगात दोन वेगळे दोष मिसळलेले असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. पहिला दोष असा की, वजन भरताच गाडी प्रमाणाबाहेर खाली येते आणि वजन उतरवताच पूर्ववत होते. अशा वेळी स्प्रिंग खराब झालेली नसते, तिचा ताठपणा त्या वजनाला अपुरा असतो. दुसऱ्या दोषात रिकामी गाडीच महिन्यागणिक खाली उतरत जाते. म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाने कायमचा आकार बदललेला असतो. नवी स्प्रिंग पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये थोडी बसते, ते स्वाभाविक आहे. त्यानंतरही उतरणे चालूच राहिले तर मात्र स्प्रिंग तिच्या क्षमतेपलीकडे दाबली जात आहे असे समजावे.

हे दोन दोष वेगळे काढण्यासाठी मोजपट्टी पुरते, मात्र मोजण्याची जागा योग्य हवी. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजल्यास टायरमधील हवा, टायरची झीज आणि पार्किंगच्या फरशीचा उतार हे सारे त्या आकड्यात शिरते. म्हणून चाकाच्या हबच्या मध्यबिंदूपासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर घ्यावे, चारही चाकांचे घ्यावे, आणि मोजण्याआधी गाडी दहा-पंधरा मीटर पुढे-मागे चालवून घ्यावी, जेणेकरून जॅकवरून उतरवलेले किंवा वळवून लावलेले सस्पेन्शन आपल्या नैसर्गिक उंचीवर येईल. हीच मापे एकदा रिकाम्या गाडीची आणि एकदा नेहमीच्या सहलीचे सर्व सामान व माणसे बसवून घ्यावीत. सोसायटीच्या आवारात चार प्रौढ माणसांना बंद गाडीत बसवून बाहेर मोजपट्टी घेऊन फिरताना रखवालदाराच्या शंकांना उत्तरे द्यावी लागतात, हेही येथे नमूद करतो.

माझ्या गाडीची मागची मापे अशी निघाली. मूळ स्प्रिंगवर, रिकाम्या अवस्थेत, हब ते मडगार्ड हे अंतर ५२० मिलिमीटर होते आणि सहलीच्या भारासह ४७० होते. पहिल्या लिफ्टनंतर ते रिकाम्या अवस्थेत ५६५ आणि भारासह ५१५ झाले. वर्षभराने रिकामे माप ५५० वर आणि भारासहचे ५०० वर आले. मग गॅरेजने २० मिलिमीटरचे स्पेसर टाकले आणि आकडे ५७० व ५२० झाले. या आठ आकड्यांकडे मी बराच काळ उंचीचे आकडे म्हणून पाहत होतो. त्यांच्यातील वजाबाकी केली तेव्हा उलगडा झाला: भार चढवल्यावर होणारी घसरण चारही वेळा ५० मिलिमीटरच होती. लांब स्प्रिंग आली, स्पेसर आला, पैसे गेले, परंतु ताठपणा तसूभरही बदलला नाही. पहिल्या किटमधील स्प्रिंग मूळ स्प्रिंगइतक्याच ताठपणाची, फक्त अधिक लांबीची होती.

शिवाय स्पेसरने दुसरा दोष वाढवला. कॉइल स्प्रिंगच्या टोकाशी स्पेसर घातला तरी अ‍ॅक्सल वर जाऊन बम्प स्टॉपला (धक्का अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकण्याची जागा बदलत नाही. म्हणजे मोठ्या खड्ड्यात अ‍ॅक्सल पूर्ण वर जातो तेव्हा स्प्रिंगला पूर्वीपेक्षा २० मिलिमीटर अधिक दबावे लागते. जाड स्पेसर असेल तर बम्प स्टॉप टेकण्याआधीच स्प्रिंगचे वेढे एकमेकांवर आपटू शकतात. जी स्प्रिंग आधीच क्षमतेच्या कडेवर होती, ती यामुळे आणखी लवकर बसते, आणि मग त्यावर उपाय म्हणून कोणीतरी आणखी जाड स्पेसर सुचवतो.

वजनकाट्यावर घालवलेला अर्धा तास

ताठपणा किती हवा हे ठरवण्यासाठी प्रत्येक अ‍ॅक्सलवरचे वजन माहीत असावे लागते, आणि ते मुंबईच्या परिसरात सहज मिळते. कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या आसपास किंवा भिवंडीच्या गोदामांकडे मालट्रकसाठी वजनकाटे आहेत. तेथे थोड्या पैशांत गाडीचे वजन होते. आधी केवळ पुढची चाके काट्यावर ठेवून वजन घ्यावे, मग संपूर्ण गाडीचे, आणि शेवटी केवळ मागच्या चाकांचे. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यांची बेरीज दुसऱ्याच्या जवळपास आली पाहिजे. फार फरक पडल्यास काट्याची फळी आणि रस्ता समपातळीत नाहीत असे समजून दुसरा काटा शोधावा. हे काटे मोठ्या वाहनांसाठी असल्याने ५ किंवा १० किलोच्या टप्प्याने वजन दाखवतात, आणि आपल्या कामाला तेवढी अचूकता पुरेशी आहे.

माझ्या मागच्या अ‍ॅक्सलवर डिझेलची टाकी भरलेली असताना ८६० किलो आणि सहलीच्या भारासह १०९० किलो निघाले. २३० किलो म्हणजे साधारण २२५० न्यूटन बल; त्याने ५० मिलिमीटर घसरण होते, म्हणजे दोन्ही मागच्या स्प्रिंगचा मिळून ताठपणा दर मिलिमीटरला ४५ न्यूटन आहे. हा हिशेब शाळेतील भागाकाराइतका सोपा आहे आणि किट विकणाऱ्याशी बोलताना तो कागदावर लिहून नेल्यास संभाषणाचा सूर बदलतो.

वजन केल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. मागच्या दारावर किंवा बम्परवर टांगलेले वजन मागच्या अ‍ॅक्सलवर स्वतःहून अधिक पडते. २४५० मिलिमीटर व्हीलबेस (पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर) असलेल्या गाडीत मागच्या अ‍ॅक्सलच्या ९०० मिलिमीटर पाठीमागे ४० किलोचे मोठे स्पेअर चाक व त्याचा सांगाडा लावला, तर मागच्या अ‍ॅक्सलवर सुमारे ५५ किलो वाढतात आणि पुढच्या अ‍ॅक्सलवरून १५ किलो कमी होतात. तराफ्याच्या एका कडेला माणूस उभा राहिला की दुसरी कड उचलली जाते, तसेच हे आहे. पोलादी बम्पर, छतावरचा कॅरिअर आणि जेरीकॅन अशी एकेक वस्तू सवडीने वाढत गेल्यामुळे मालकाला त्यांची बेरीज कधी जाणवत नाही. पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारे यंत्र) लावल्यास तिच्या सांगाड्याशिवायच ३५ ते ४० किलो पुढच्या चाकांच्याही पुढे टांगले जातात, याचाही हिशेब तसाच करावा.

या वजनाचे दोन भाग पाडणे आवश्यक आहे. बम्पर, कॅरिअर, स्पेअर चाक हे कायम गाडीवर असणारे वजन आहे आणि स्प्रिंग त्यासाठी निवडावी. माणसे आणि सामान हे अधूनमधून येणारे वजन आहे. त्याच्यासाठी कायमची ताठ स्प्रिंग घेतली, तर आठवड्याचे पाच दिवस रिकामी गाडी पूर्व द्रुतगती मार्गावरील उड्डाणपुलांच्या प्रत्येक सांध्यावर उडी मारते, आणि सहाव्या दिवशी डोंगरात अ‍ॅक्सलला खालीवर वळायचे असते तेव्हा ताठ स्प्रिंग त्याला वळू देत नाही, एक चाक हवेत राहते. कॉइलच्या पोटात बसणारी रबरी एअर बॅग हा अधूनमधूनच्या वजनासाठी मध्यम मार्ग आहे. निघताना हवा भरावी आणि परतल्यावर काढावी. मात्र त्यात खडे अडकून ती फाटू शकते, आणि दोन्ही बाजूंच्या बॅग एकाच नळीने जोडल्यास वळणावर हवा दाबलेल्या बाजूकडून दुसरीकडे जाऊन गाडी अधिक कलते, म्हणून दोन्हींना स्वतंत्र व्हॉल्व्ह असावेत.

ऑस्ट्रेलियात लांबच्या प्रवासाला भारलेल्या गाड्या नेण्याची प्रथा असल्याने ओल्ड मॅन एमूसारखे तेथील उत्पादक एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या भाराच्या स्प्रिंग विकतात. आपल्या बाजारात मिळणाऱ्या किटच्या खोक्यावर अनेकदा केवळ "दोन इंच" एवढेच लिहिलेले असते. विक्रेत्याला दोन प्रश्न विचारावेत: ही स्प्रिंग किती वाढीव वजन गृहीत धरून बनवली आहे, आणि तिचा ताठपणा मूळ स्प्रिंगच्या तुलनेत किती आहे. दोन्हींचे उत्तर "सगळे हेच घेतात" असे आले, तर ते किट घेऊ नये. आणि एक गोष्ट कोणत्याही किटने बदलत नाही: गाडीच्या नोंदणीत दिलेले कमाल एकूण वजन. स्प्रिंग जाड झाली तरी ब्रेक, बेअरिंग आणि अ‍ॅक्सल पूर्वीचेच असतात.

मुळात लिफ्ट हवी आहे का

हा प्रश्न खरे तर सर्वांत आधी विचारायला हवा होता. मी तो तिसऱ्या वर्षी विचारला. गाडीखाली जाऊन घासल्याच्या खुणा पाहाव्यात. जुन्या आणि नव्या खुणा ओळखता याव्यात म्हणून सहलीला निघण्याआधी खालच्या भागांवर स्वस्त रंगाचा फवारा मारावा आणि परतल्यावर रंग कोठून गेला ते पाहावे.

सस्पेन्शन लिफ्टने चेसिस उंच होते, अ‍ॅक्सल उंच होत नाही. मागचा अ‍ॅक्सल अखंड असेल तर त्याच्या मधला डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांना गती वाटून देणाऱ्या गिअरचा) गोळा जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो, मग वरती दोन इंच चढवा की चार. मुरबाडच्या बाजूला पावसाळ्यानंतर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल झालेल्या असतात आणि दोन चाकोऱ्यांमधला चिखलाचा उंचवटा वाळून कठीण होतो. तेथे घासतो तो हाच गोळा. त्यावर एकमेव व्यवहार्य उपाय म्हणजे मोठ्या व्यासाचा टायर, आणि त्यातही व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते. २४५/७५ आर १६ ऐवजी २६५/७५ आर १६ टायर घातल्यास व्यास सुमारे ७७४ वरून ८०४ मिलिमीटर होतो, म्हणजे गोळा १५ मिलिमीटर वर येतो. स्पीडोमीटर ८० दाखवत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे ८३ असतो, हा त्याचा आनुषंगिक परिणाम.

याउलट गाडीचे पोट, म्हणजे ट्रान्स्फर केस (पुढच्या व मागच्या चाकांना शक्ती वाटणारी गिअरपेटी) किंवा त्याखालची संरक्षक पट्टी, बांध ओलांडताना टेकत असेल, तर लिफ्टचा थेट उपयोग होतो. पुढचा बम्पर टेकत असेल तर बम्परचा आकार बदलून अधिक लाभ मिळतो. माझ्या गाडीवर पाच ताज्या खुणा सापडल्या. त्यांपैकी तीन दोन्ही बाजूंच्या पायऱ्यांवर होत्या, एक डिफरन्शियलवर आणि एकच पोटावर. पायऱ्या काढायला अर्धा तास लागला आणि खर्च काहीच आला नाही. घरातील ज्येष्ठांनी मात्र त्याबद्दल अजून मला माफ केलेले नाही.

या तपासणीनंतर माझी गरज ५० मिलिमीटरवरून ३५ वर आली. हा फरक वरकरणी क्षुल्लक वाटतो, परंतु उंचीबरोबर येणारे सर्व दुष्परिणाम कोनांचे असतात आणि कोन शेवटच्या काही मिलिमीटरमध्येच मर्यादा ओलांडतात.

उंचीनंतर सुरू होणाऱ्या तक्रारी

कोणत्या गाडीत काय बिघडेल हे तिच्या रचनेवर अवलंबून असते, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा अनुभव आपल्या गाडीला लावण्यापूर्वी रचना तीच आहे ना हे पाहावे. २०२० पासूनच्या थारमध्ये पुढे डबल विशबोनचे (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म असलेले) स्वतंत्र सस्पेन्शन आणि मागे अखंड अ‍ॅक्सल आहे. जिम्नीत पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल आणि कॉइल आहेत. जिप्सीत दोन्हीकडे पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग) होते. आणि थारच्या आधीच्या पिढीतील सीआरडीई आवृत्तीत पुढे टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचे काम करणारा दांडा) व मागे पाटे होते.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत शॉकअप आणि स्प्रिंगच्या जोडाच्या माथ्यावर बसवलेला स्पेसर फसवा असतो. हा जोड खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकत असल्यामुळे २५ मिलिमीटरचा स्पेसर चाकाशी ४० ते ५० मिलिमीटर उंची देतो. आर्म खाली झुकतात, अ‍ॅक्सल शाफ्टचे सांधे कायम वाकलेल्या कोनात फिरतात, त्यांच्या रबरी बुटांच्या (आवरणांच्या) घड्या एकमेकांवर घासतात आणि काही महिन्यांत बूट फाटतो. फाटलेला बूट उन्हाळ्यात कळत नाही. पावसाळ्यात आत पाणी व चिखल गेल्यावर वळताना कटकट ऐकू येते, तोवर सांधा गेलेला असतो. तोच बूट दुसऱ्यांदा फाटला तर बुटाच्या दर्जाला दोष देण्याआधी उंची १० ते १५ मिलिमीटरने कमी करून पाहावी. माझ्या पुढच्या डाव्या बाजूची तक्रार एवढ्याच उपायाने संपली.

स्टिअरिंग सरळ रेषेत ठरत नसेल, वळणानंतर आपोआप परत येत नसेल, तर कॅस्टरचा (स्टिअरिंगच्या अक्षाच्या मागे झुकण्याचा) कोन कमी झालेला असण्याची शक्यता अधिक. अलाइनमेंट करून घ्यावेच, पण "केले" या शब्दावर विसंबू नये. किट बसवण्यापूर्वीचा आणि नंतरचा छापील अहवाल घ्यावा आणि त्यात कॅस्टर, कॅम्बर (चाकाचा उभा कल) व टो (चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा) हे तिन्ही आकडे पाहावेत. पुष्कळ ठिकाणी केवळ टो जुळवून गाडी परत देतात, कारण कॅस्टर जुळवण्याची सोय मूळ गाडीत नसते. तिच्यासाठी वेगळे आर्म किंवा विकेंद्रित बुश (सांध्यातील रबरी अस्तर) लागतात. पुढचा अ‍ॅक्सल अखंड असलेल्या गाडीत हा दोष अधिक ठळक असतो, आणि त्यात पॅनहार्ड रॉडची भर पडते. या रॉडचे एक टोक चेसिसला व दुसरे अ‍ॅक्सलला असते. गाडी उचलली की रॉड अधिक तिरका होतो आणि अ‍ॅक्सलला बाजूला ओढतो. ८०० मिलिमीटरचा रॉड आधी ५० मिलिमीटर तिरका असेल आणि लिफ्टनंतर १०० झाला, तर अ‍ॅक्सल सुमारे ५ मिलिमीटर सरकतो. तेवढ्याने गाडी चालायची थांबत नाही, परंतु लांबी जुळवता येणारा रॉड घेणे बरे.

ठरावीक वेगाला, विशेषतः एका खड्ड्यानंतर, स्टिअरिंग जोरजोरात डावीउजवीकडे झटकू लागले, तर मात्र गाडी हळूहळू थांबवावी आणि पॅनहार्ड रॉडचे बुश, टाय रॉडची टोके व बॉल जॉइंट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्टिअरिंग डॅम्पर बदलून ही थरथर तात्पुरती झाकता येते. झिजलेला सांधा तसाच राहतो.

थरथर स्टिअरिंगमध्ये न येता सीटखालून येत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलत असेल, तर प्रोपेलर शाफ्टकडे, म्हणजे चाकांकडे शक्ती नेणाऱ्या लांब दांड्याकडे, पाहावे. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉस जॉइंटचे कोन परस्परांना समान असावे लागतात. मागचा अ‍ॅक्सल खाली गेल्यावर ते असमान होऊ शकतात.

पाट्यांच्या जुन्या गाड्यांत लांब शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी कडी) लावून उंची मिळवतात. ५० मिलिमीटर लांब शॅकलने साधारण २५ मिलिमीटर उंची मिळते आणि पाट्यांचा ताठपणा तोच राहतो, म्हणजे बसण्याची मूळ तक्रार कायम. त्यापेक्षा कमानीतील पाटे वजनानुसार वाढवून घेणे योग्य, आणि पुढच्या अ‍ॅक्सलवर ठोकळे घालून उंची घेणे कधीही करू नये. टॉर्शन बारचा बोल्ट आवळून मिळालेली उंची फुकट असते म्हणून ती लोकप्रिय आहे, परंतु बार त्यामुळे ताठ होत नाही, फक्त आर्म खाली झुकतो. चाकाला खाली जायला वाव उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्यात धाडकन आवाज येतो.

ब्रेककडे दुर्लक्ष होते, म्हणून ते वेगळे सांगतो. अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबत असताना ब्रेकची रबरी नळी, एबीएसची तार आणि अ‍ॅक्सलचा ब्रीदर पाइप (आतल्या हवेला वाट देणारी नळी) ताणले जात नाहीत ना, हे गाडी जॅकवर असतानाच पाहावे. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब अ‍ॅक्सल व चेसिस यांच्यातील अंतरावरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. लिफ्टनंतर ते अंतर वाढते, व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागच्या ब्रेकला दाब कमी मिळतो. भरलेली गाडी माळशेज घाटातून उतरत असताना ही चूक कळू नये. त्या व्हॉल्व्हच्या दांडीची जोडणी लिफ्टइतकी सरकवून घ्यावी लागते.

गुरुत्वमध्याचाही हिशेब करावा. १५२० मिलिमीटर ट्रॅक (डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर) असलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य ७०० मिलिमीटर उंचीवर आहे असे धरले, तर निम्मा ट्रॅक भागिले उंची हे गुणोत्तर १.०९ येते, गुरुत्वमध्य ५० मिलिमीटर वर गेल्यास ते १.०१ होते. उलटण्याला होणारा विरोध सुमारे ७ टक्क्यांनी घटतो, आणि छतावर सामान असल्यास त्याहून अधिक.

कायदा, विमा आणि पार्किंग

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळा ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील प्रकरणात हे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विमा कंपनीला न कळवलेला बदल दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो. म्हणून खरेदीपूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडे लेखी विचारणा करावी. मूळ ताठपणा आणि उंची राखून झिजलेले भाग बदलणे वेगळे आणि उंची वाढवणे वेगळे, हा भेद विसरू नये. लिफ्टचा विचार न करता केवळ वजन कमी करून आणि मूळ प्रमाणाच्या नव्या स्प्रिंग टाकून तक्रार मिटत असेल, तर मी तोच मार्ग सुचवेन.

आमच्या सोसायटीच्या यांत्रिक पार्किंगच्या पाटीवर कमाल उंची १.९ मीटर लिहिलेली आहे. छतावरच्या कॅरिअरसह माझी गाडी पहिल्या लिफ्टनंतर तीत मावेनाशी झाली होती आणि चार महिने मी रस्त्यावर जागा शोधत होतो.

शेवटी काय बसवले

मागे कायमच्या वाढीव ७५ किलोंसाठी बनवलेल्या, एकत्रित ताठपणा दर मिलिमीटरला ६० न्यूटन असलेल्या स्प्रिंग बसवल्या आणि स्पेसर काढून टाकले. त्या लांबीला अनुरूप शॉकअप घेतले, कारण मूळ शॉकअपच आखूड पडून अ‍ॅक्सलला लोंबकळत धरत होते. पुढे उंची केवळ २० मिलिमीटर वाढवली. छतावरचा कॅरिअर काढला. मागचे माप रिकामे ५५५ आणि भारासह ५१७ आले, म्हणजे घसरण ५० वरून ३८ मिलिमीटर झाली. चौदा महिने आणि एक पूर्ण पावसाळा उलटल्यावर तीच मापे ५५२ व ५१४ आहेत. रिकामी गाडी पूर्वीपेक्षा थोडी कडक वाटते, हे मान्य करावे लागेल.

बसवतानाची एक चूक मात्र आधीच्या दोन्ही वेळा झाली होती आणि ती फार ठिकाणी होते. आर्म व रॉडच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर, चाके लोंबत असतानाच पूर्ण आवळले जातात. बुशचे रबर आतल्या व बाहेरच्या नळीला चिकटलेले असते. त्या अवस्थेत आवळल्यास गाडी जमिनीवर आल्यावर ते कायम पिळलेले राहते, काही काळ गाडीला खोटी उंची देते, आणि फाटल्यावर ती उंची निघून जाते. त्यामुळे या वेळी मेकॅनिकदादांना विनंती करून सर्व बोल्ट आधी हाताने लावून घेतले, गाडी चाकांवर उतरवली, मागे नेहमीच्या सामानापैकी निम्मे ठेवले आणि मगच टॉर्क पान्याने आवळले. ५०० किलोमीटरनंतर तेच बोल्ट पुन्हा तपासले, अलाइनमेंटचा दुसरा अहवाल घेतला आणि हेडलाइटचा झोत खाली करून घेतला, कारण समोरून येणारे चालक पहिल्याच रात्री त्याबद्दलची आपली नाराजी दिवे चमकवून कळवू लागले होते.